काळ्या गाळाचा हेवा

माझी नणंद पुण्याहून कायमची परत आली तेव्हा तिच्या सामानात कपड्यांची एकच बॅग होती, बाकी सगळ्या बाटल्या. दोन खोकी भरून. सासूबाईंनी आधी विचारलं, लोणची आणलीस का. नणंद हसली आणि म्हणाली, आई, यात जिवाणू आहेत, पाण्यातला धातू पकडणारे. सासूबाईंना ते कितपत कळलं देव जाणे. पण लेकीचं म्हटल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या गार फळीवरच्या माझ्या मसाल्याच्या बरण्या स्वतःच्या हाताने खाली उतरवल्या आणि तिथे त्या काळ्या चिखलाच्या बाटल्या ओळीने मांडल्या. त्या फळीवरची कोकमाच्या आगळाची बाटलीसुद्धा मी कधी कुणाला हलवू देत नसे. माझ्या तोंडावर राग दिसला असणार, कारण नवरा त्या वेळी मुंबईहून रजेवर आला होता आणि तो गुपचूप उठून पडवीत जाऊन बसला.

हेवा कसा असतो हे मला कुणी शिकवायला नको. मला बी. एस्सी.नंतर पुढे शिकायचं होतं, तेवढ्यात लग्न ठरलं. मी या घरात आले तेव्हा नणंद दोन वेण्या घालून शाळेत जात होती. तिला बारावीचं रसायनशास्त्र मी शिकवलं, चुलीजवळ बसून, एका हाताने भाकरी उलटत. मग ती पुण्याला गेली, एम. एस्सी. झाली, पुढे संशोधनही करायला लागली. दर सुट्टीत ती येऊन जे शब्द बोलायची ते मला अर्धे कळायचे आणि उरलेले अर्धे मी पाठ करून ठेवायची, नंतर शोधायला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तिला तर मुळीच नाही.

मी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत निकेल प्लेटिंगच्या कारखान्यात केमिस्ट आहे. नळ, कड्या, मोटरसायकलचे सुटे भाग आमच्याकडे काळवंडलेले येतात आणि चकचकीत होऊन जातात. निकेलच्या टाकीतून काढलेला माल पाण्यात बुडवून धुतात, आणि ते धुण्याचं पाणी हिरवं होतं. इतकं सुंदर हिरवं, की नवीन माणसाला सरबत वाटावं. पण तो रंगच निकेलचा. ते तसंच नाल्यात सोडलं तर खालच्या वाडीतल्या विहिरींपर्यंत जायला वेळ लागत नाही. म्हणून शेडच्या मागे सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यांची एक रांग आहे. सगळे तिला ईटीपी म्हणतात, मी आपलं माझं पाणी म्हणते. पहिल्या टाकीत चुना घालून ढवळायचं, म्हणजे निकेलचा गाळ होऊन तळाला बसतो. वरचं पाणी दुसऱ्या टाकीत घेऊन थोड्याशा ॲसिडने चुन्याचा कडकपणा मारायचा. मग ते शेवटच्या खड्ड्यात जातं. जांभा फोडून खणलेला, आतून सिमेंट केलेला आणि वरून फरशांनी झाकलेला तो खड्डा. तिथे काही दिवस पाणी स्वस्थ पडून राहतं आणि मग बाहेर जातं.

आमच्या शेवटच्या नळाचं पाणी तपासणीला गेलं की निकेल जवळजवळ नाहीच असं यायचं. वसाहतीतले दुसरे कारखानदार मला विचारायचे, बाई, तुम्ही चुना कुठला वापरता? मी हसून विषय बदलायची, जशी एखादी बाई आपल्या तिरफळाच्या आमटीचं माप सांगत नाही. हे सगळं माझ्या हाताचं आहे अशी माझी खात्री होती. चुना कधी घालायचा, किती ढवळायचा, कुठे थांबायचं हे मला पाण्याच्या रंगावरून कळायचं. फक्त दिवाळीच्या सुमारास दरवर्षी आकडे बिघडायचे, आणि मग मी चुनेवाल्याला फोनवर फैलावर घ्यायची, की सणाच्या घाईत भेसळ केलीस. तो बिचारा शपथा घ्यायचा. पुन्हा पंधरवड्याने, महिन्याने सगळं ठीक व्हायचं आणि मी म्हणायची, बघ, बोलल्याशिवाय तू सुधारत नाहीस.

तर आमच्या शेठनी नणंदेचं एक भाषण कुठल्याशा कॉलेजात ऐकलं आणि तिला बोलावून घेतलं. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, तुमच्या घरचीच आहे, तुम्हाला सोबत होईल. मला सोबत नको होती. पण शेठचे डोळे ज्या गोष्टीने चमकले होते ती मलाही कळली. चुन्याच्या गाळात निकेल असतं, पण ते चुन्यात इतकं लडबडलेलं की तो गाळ पोत्यांत भरून, वर पैसे मोजून, लांब पुरायला पाठवावा लागतो. नणंदेचं म्हणणं वेगळं होतं. खाडीच्या चिखलात असे जिवाणू राहतात ज्यांना हवा मुळीच चालत नाही. ते पाण्यातल्या सल्फेटवर श्वास घेतात आणि जो वायू सोडतात त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. तो वायू पाण्यातल्या निकेलला गाठतो आणि दोघांची मिळून काळी भुकटी होऊन तळाला बसते. तिच्यात निकेल इतकं दाट असतं की ते परत काढता येतं. फेकलेलं परत मिळतं, एवढंच शेठनी ऐकलं.

त्यांनी तिला एक निळी बंद टाकी दिली, एक खोली दिली, आणि खाडीवर जायला स्वतःची गाडी दिली. मी इतकी वर्षं माझ्या खडखडणाऱ्या स्कूटीवरून येते. नणंद भाट्याच्या खाडीत ओहोटीला पायजमा दुमडून उतरायची, बादलीभर काळा चिखल आणायची, आणि शेठचा ड्रायव्हर ती बादली डिकीत प्लास्टिक पसरून अलगद ठेवायचा. मी खिडकीतून बघायची. त्या जिवाणूंना खायला गोड लागतं, म्हणून माझ्या घरातला गूळ कारखान्यात जायला लागला. मे महिन्यात काजूची बोंडं पडली तेव्हा सासूबाईंनी स्वतः बागेत फिरून ती गोळा केली, उकिडवं बसून त्यांचा रस काढला आणि कॅनमध्ये भरून दिला. कोकमं सोलायला बसल्यावर ज्यांची कंबर दुखते त्याच या सासूबाई. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, त्या जिवाणूंचं बारसं कधी करायचंय तेवढं सांगा, म्हणजे मी सुट्टी टाकते. सासूबाईंना तो विनोद वाटला.

एक मात्र मी पहिल्या दिवशीच शेठना बजावलं होतं. तिची टाकी तिच्यापाशी, माझ्या टाक्यांच्या रांगेत कुणी लुडबुड करायची नाही. शेठ म्हणाले, बरं. त्यामुळे नणंद शेडच्या त्या टोकाला असायची आणि मी या टोकाला, आणि घरून एकत्र भरून यायचे ते फक्त आमचे जेवणाचे डबे.

तिचं काम चालेना. पाणी मिसळून पातळ केलेल्या हिरव्या पाण्यात तिचे जिवाणू मजेत राहायचे, टाकीतून तो घाण वास यायचा आणि तिचा चेहरा उजळायचा. जरा खरं पाणी सोडलं, आमच्या शेडमधून येतं तसं कडक, की दोन दिवसांत वास बंद. वास बंद म्हणजे सगळे मेले. ती टाकीचा छोटा नळ उघडायची, नाक जवळ न्यायची आणि तशीच उभी राहायची. मग पुन्हा खाडी, पुन्हा चिखल, पुन्हा गूळ. पावसाळाभर हे चाललं. मला आनंद व्हायचा. खोटं कशाला बोलू, व्हायचा. ती हिरमुसून घरी आली की माझा आवाज आपोआप गोड व्हायचा, आणि मी तिला विचारायची, चहा टाकू का गं?

एकदा जेवताना ती मला म्हणाली की चुन्याने निकेल एवढं खाली जात नाही, पुस्तकाप्रमाणे थोडं राहतंच, मग तुझ्याकडे का राहत नाही? मला वाटलं, ही माझ्या आकड्यांवर संशय घेते. मी म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्यांना चुना घालता येत नसेल. ती ओशाळली. म्हणाली, तसं नाही वहिनी, मला खरंच कळून घ्यायचंय, मला एकदा तुझी सगळी रांग बघू दे. मी म्हटलं, पाऊस जाऊ दे, फरशा निसरड्या आहेत. मी तिला पाण्यात पाहत होते, आणि माझं पाणी तिला दाखवायचं मला जिवावर आलं होतं.

गणपतीत नवरा आला तेव्हा शेठनी त्याच्याकडेच निरोप दिला, की बहिणीला समजावा, दिवाळीपर्यंत टाकी खऱ्या पाण्यावर चालली तर ठीक, नाहीतर पुढे खर्च करता येणार नाही. नवऱ्याने तो निरोप मोदक खाताना सांगितला. सासूबाईंचा घास हातात राहिला. मी मान खाली घालून तूप वाढत होते. दिवाळीनंतर माझी फळी मला परत मिळणार, आणि शेडचं ते टोकही.

आमच्याकडे खंडेनवमीला कारखान्याची पूजा होते. शेडमधली सगळी यंत्रं, टाक्या, पंप धुऊन पुसून लखलखीत करायचे, कुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. कामगारांच्या घरची माणसं येतात, शिरा-पुरी होते. सगळ्या टाक्यांबरोबर माझा शेवटचा खड्डाही उपसायचा, गाळ पोत्यांत भरायचा, आत ब्लीचिंग पावडर मारून घासून काढायचा ही शिस्त मी घातलेली. मी यायच्या आधी त्या खड्ड्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. देवाला म्हणून जे पुढे करायचं ते घाण कसं चालेल?

त्या वर्षी पूजेला आठवडाभर असताना आमचा जुना कामगार ब्लीचिंग किती आणायचं ते विचारायला आला. म्हणाला, "म्याडम, खड्ड्याला वायच जास्ती आनूया. यंदा वास जाम मारतो." मला दाखवायला त्याने एक फरशी कडेने उचलली. वास आला. त्या वासाला मी वर्षानुवर्षं नाकाला पदर लावत आले होते. कॅन्टीनच्या मावशी भाताची पेज मोरीत ओततात आणि ती मोरी कुणा प्लंबरच्या आळसाने याच खड्ड्याला जोडलेली आहे, त्याचाच हा कुबट वास, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो पाइप तोडून वेगळा काढायचं मी दरवर्षी ठरवायची. पण त्या दिवशी माझा हात पदराकडे गेलाच नाही. हा वास माझ्या घरात होता. नणंदेच्या कपड्यांना होता. हा वास आला की ती खुशीत शीळ घालायची.

कामगार फरशी धरून उभा होता आणि मी एकेक गोष्ट जुळवत होते. खड्ड्यात हवा जात नव्हती. आमच्या पाण्यात सल्फेट भरपूर. गुळाच्या जागी भाताची पेज, रोज, न चुकता. तळाला काळा गाळ. आणि दसऱ्याला मी ब्लीचिंग मारून सगळं निपटून काढायची, आणि दिवाळीला माझे आकडे बिघडायचे, आणि मी चुनेवाल्याला शिव्या द्यायची. मग हळूहळू ते जिवाणू पुन्हा वाढायचे आणि आकडे सुधारायचे आणि मी म्हणायची, बघ.

मी कामगाराला म्हटलं, ब्लीचिंगचं नंतर सांगते. एका रिकाम्या पाण्याच्या बाटलीत दोरी बांधलेल्या डब्याने थोडा गाळ काढला, वर शेडमधलं कडक हिरवं पाणी काठोकाठ भरलं, कॅन्टीनमधून घोटभर पेज आणून घातली, बूच घट्ट लावलं आणि स्टोअरमध्ये ॲसिडच्या कॅनमागे ठेवून दिली. नणंदेच्या टाकीत जे पाणी सगळं मारून टाकायचं तेच हे पाणी. मी रोज कामावर आल्या आल्या स्टोअरमध्ये जायची. आधी पाणी गढूळ झालं. मग हिरवा रंग फिका पडला. पूजेच्या आदल्या दिवशी वरचं पाणी स्वच्छ होतं आणि खाली शाईसारखा काळा थर. निकेल असलं तर लाल करणारं औषध मी त्यातल्या थोड्या पाण्यात टाकलं. लाल झालं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं ज्या आमटीसाठी लोक बोटं चाटत होते ती शेजारणीने शिजवून माझ्या पातेल्यात ओतली होती, असं काहीतरी. माझा चुना अर्धं काम करत होता. उरलेलं, ज्याच्यामुळे माझं नाव झालं होतं, ते या घाणीचं होतं.

आणि मग मला दुसरं कळलं, ते जास्त सोपं होतं. मला काहीच करायचं नव्हतं. उद्या खंडेनवमी. दरवर्षीसारखा खड्डा उपसला जाईल, ब्लीचिंग पडेल. दिवाळीला नणंदेची टाकी बंद होईल, ती पुण्याला जाईल. खड्ड्यात सगळं पुन्हा वाढायला लागेल तेव्हा ती इथे नसेल. माझे आकडे पुन्हा तसेच, माझा चुना तसाच. कुणी मला दोष देऊ शकणार नव्हतं, कारण मी दरवर्षी जे करते तेच करणार होते. मी कॅनमागची बाटली आणखी आत सरकवली आणि घरी गेले.

घरी नणंद बॅग काढून बसली होती. म्हणाली, दिवाळीपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, दसरा झाला की जाते. सासूबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. मी त्यांच्यासाठी पेल्यात पाणी घेऊन गेले. मला वाटलं होतं मला बरं वाटेल, आणि वाटतही होतं. तेवढ्यात सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुजा बरा हाय गो. पान्यात चुना टाकलास की काम झाला. हिच्या कामाला डोका लागता."

त्या ते टोचून बोलल्या नाहीत. लेकीसाठी जीव तुटत होता आणि तोंडातून निघालं. पण मी पेला खाली ठेवला तो इतक्या जोरात की पाणी सांडलं. इतकी वर्षं मी त्या कारखान्याचं पाणी सांभाळलं, खालच्या वाडीतली माणसं आपल्या विहिरींचं पाणी निर्धास्त पितात, आणि माझ्या घरात मी चुना टाकणारी बाई होते. आणि हिचे जिवाणू पंधरा वेळा मेले तरी तिचं डोकं! रात्री मी जेवले नाही. सगळ्यांना वाटलं, मलाही नणंद जाण्याचं वाईट वाटतंय.

दुसऱ्या दिवशी सगळे नटूनथटून आले. शेठची मंडळी, कामगारांच्या बायका, पोरं. सासूबाई लेकीची टाकी निदान एकदा बघायची म्हणून आल्या होत्या आणि त्या निळ्या टाकीला त्यांनी घरून आणलेली माळ घातली. नणंद रेशमी साडीत, पण तोंड उतरलेलं. शेडमागे कामगारांनी खड्ड्यावरच्या फरशा बाजूला केल्या, पंपाचा पाइप आत सोडला. ब्लीचिंगची पिशवी उघडून ठेवली होती. मी तिथे गेले आणि पंपाच्या बटणावर हात ठेवून उभी राहिले.

मी म्हटलं, "या खड्ड्याला कुणी हात लावायचा नाही. यात माझे जिवाणू आहेत."

कामगार हसले. त्यांना वाटलं मी नणंदेची थट्टा करतेय. पण नणंद हसली नाही. ती शेडच्या कडेला उभी होती, आणि फरशा निघाल्यामुळे वास तिथपर्यंत गेला होता. ती जवळपास धावतच आली. रेशमी साडीनिशी खड्ड्याच्या काठाशी गुडघ्यावर बसली, बादली खाली सोडली, वर आलेल्या काळ्या गाळात दोन बोटं बुडवून नाकाशी नेली. मग माझ्याकडे बघितलं. तिने विचारलं, किती वर्षांपासून? मी म्हटलं, कॅन्टीन सुरू झालं तेव्हापासून असणार. ती म्हणाली, आणि दर दसऱ्याला तू... मी म्हटलं, हो.

मी स्टोअरमधून बाटली आणली आणि शेठच्या हातात दिली. सगळं सांगितलं. पेज, फरशा, दिवाळीचे आकडे, चुनेवाला. बोलताना माझा आवाज चढला होता, आणि मी शेठकडे बघून बोलत होते तरी ऐकवत होते सासूबाईंना. हे जिवाणू खाडीतून काल आलेले नव्हते. आमच्या पाण्याची, त्यात उरणाऱ्या निकेलची चव वर्षानुवर्षं यांच्या अंगवळणी पडलेली होती. यांना पातळ करून द्यायची गरज नव्हती. शेठनी बाटली नणंदेकडे दिली, तिने ती उन्हात धरली. वरचं नितळ पाणी, खालचा काळा थर. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं, "म्हंजे हिच्याकडं ता आधीपास्नाच होता?" इतक्या वर्षांत त्या घरात माझ्याबद्दल बोललं गेलेलं याच्याइतकं गोड वाक्य मला आठवत नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. झेंडूची एक माळ उरली होती, ती कामगारांनी खड्ड्याच्या पाइपला गुंडाळली.

खड्ड्यातला गाळ नणंदेच्या टाकीत गेला, गुळाऐवजी पेज गेली, आणि दोन दिवसांनी वास बंद पडला नाही. उलट वाढला. दिवाळीच्या आत टाकी कडक पाण्यावर चालायला लागली. मोरीचा पाइप आता कुणी तोडायचा नाही असं शेठनी स्वतः सांगितलं. तळाला बसलेला काळा गाळ वाळवून पिशव्यांत भरला आणि निकेल काढून घेणाऱ्याकडे नमुना गेला तेव्हा शेठ सगळ्यांना सांगत होते, आमच्या बाईंच्या खड्ड्यातले जिवाणू. बाई म्हणजे मी. वसाहतीतले लोक बघायला यायला लागले आणि मी फरशी उचलून वास घ्यायला लावायची, जसं कुणी पाहुण्याला हापूसची पेटी उघडून दाखवतं.

त्या सगळ्या दिवसांत नणंद माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला आधी ते कळलंच नाही, मी इतकी खुशीत होते. टाकी वाचली, तिचं काम वाचलं, पुण्याला जाणं रद्द झालं, मग हिला काय झालं? डबा भरताना झाकण जरा जास्त जोराने लावायची. कुणी खड्डा बघायला आलं की तिला तेव्हाच काहीतरी काम आठवायचं. मी काही विचारलं तर, तुला माहीतच असेल, म्हणायची.

भाऊबिजेला शेजारच्या बायका फराळाला आल्या होत्या. सासूबाईंना आता नवीन विषय मिळाला होता. सुनेने कसे खड्ड्यात जिवाणू पाळलेत आणि शेठ तिला कसा मान देतात ते त्या रंगवून सांगत होत्या. माझ्याबद्दल एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. नणंद कोपऱ्यात करंजी हातात घेऊन बसली होती, खात नव्हती, नुसती कुस्करत होती. मध्येच म्हणाली, तिने काय केलं त्यात? मोरीचा पाइप चुकला म्हणून झालं. मी इतकी वर्षं जीव काढतेय, आणि ते हिच्या खड्ड्यात कुणी न बघता वाढले. सासूबाई लेकीकडे बघतच राहिल्या. बायकांनी चिवड्याच्या वाट्या उचलल्या.

ती म्हणत होती ते खरं होतं. मी काहीच केलं नव्हतं, उलट दरवर्षी मारतच आले होते. पण मी ते शब्द ऐकत नव्हते. मी तो आवाज ऐकत होते. खाली बघून, ओठ न उघडल्यासारखं बोललेला, शेवटी जरासा फाटलेला. तो आवाज मला पाठ होता, तो मी माझ्याच घशात इतकी वर्षं दाबत आले होते.

बायका गेल्यावर ती तिथेच बसून होती. मांडीवर करंजीचा चुरा. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "जळतंय ना गं?"

तिने आधी मान हलवली, नाही म्हणून. मग म्हणाली, "खूप."

"मला तू पुण्याला गेलीस त्या दिवसापासून जळतंय," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठून जाईल. ती गेली नाही. तिने मांडीवरचा चुरा ओंजळीत गोळा केला आणि त्यातला अर्धा माझ्या हातावर ठेवला.